हिरडा, चुना आणि वाघाचा ओठ

अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं जुन्या पद्धतीनं कमावताना ज्यानं पाहिलंय, त्याला टॅक्सिडर्मीची, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं टिकवून तो जिवंतासारखा उभा करण्याची, निम्मी विद्या आयतीच कळलेली असते. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात पडतं. केसांची मुळं सैल झाली की केस खरवडून काढतात. मग तेच कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. पाणी कातड्यातून झिरपत राहतं, खाली साठलेलं परत वर ओततात. जवळ उभं राहिलं की आंबूस, तुरट वास नाकात बसतो.

या वासामागे चांगलं रसायनशास्त्र आहे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. ते ओले असेपर्यंत जीवाणूंची चंगळ असते. हिरड्या-बाभळीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, तंतूंच्या मधे शिरतात, पाण्याला हुसकावतात आणि तंतू एकमेकांना बांधून टाकतात. फरक तापमानात दिसतो. कच्चं कातडं साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आक्रसून गोळा होतं. झाडपाल्यावर कमावलेलं ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकतं, आणि क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेलं चांगलं कातडं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही.

मेलेला प्राणी जिवंत वाटेल असा उभा करणाऱ्यालाही कातडं टिकवायचंच असतं, पण त्याला केस हवे असतात. चपलेसाठी जे मुद्दाम केलं जातं, तेच त्याच्या वाईटावर असतं. उन्हाळ्यात मेलेलं जनावर काही तास पडून राहिलं तरी जीवाणू आपलं काम सुरू करतात. पोटाची कातडी आधी हिरवट पडते, बोटानं ओढलं की केसांचा झुबका हातात येतो. तिथं मग कुणी काही करू शकत नाही. म्हणून चुन्याला हातही न लावता कातडं सोलून, आतलं मांस-चरबी तासून, भरपूर मीठ चोळतात. मीठ पाणी ओढून घेतं. नंतर आम्ल आणि मिठाचं पाणी, मग तुरटी किंवा तयार टॅनिंगची रसायनं. आम्लात मीठ कमी पडलं तर कातडं फुगून वाया जातं, त्यामुळे इथं अंदाजपंचे चालत नाही.

आता आत काय असतं ते पाहू. आमच्याकडच्या शाळांच्या सहली पन्हाळा-जोतिबाबरोबर कोल्हापूरचा न्यू पॅलेस करतातच, आणि तिथल्या वाघापुढे उभं राहून कुणीतरी ‘आत पेंढा भरलाय’ असं सांगतंच. फार जुन्या काळी खरोखर पेंढा ठासत, आणि ते प्राणी उशीसारखे गरगरीत दिसत. चांगल्या कामात आत एक शिल्प असतं. प्राण्याची मापं घेऊन त्याच्या पवित्र्याप्रमाणे मातीत स्नायू, बरगड्या, खांद्याची हाडं घडवायची, त्यावरून साचा काढायचा, साच्यातून कागदाच्या लगद्याचा हलका, पोकळ देह तयार करायचा. आता बहुतेक ठिकाणी लगद्याऐवजी फोम वापरतात. मातीत स्नायू घडवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत कार्ल एकली (१८६४–१९२६) या माणसानं मोठी उंची दिली. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले त्याचे झुंजणारे हत्ती आजही उभे आहेत. शाडूची मूर्ती घडवणाऱ्याला शेवटचा हात वरून फिरवता येतो. इथे वरचा थर निसर्गानं आधीच ठरवून दिलेला असतो आणि त्याला बसेल असं आतलं अंग घडवायचं असतं. मला ही कला वाटते ती याच कारणानं.

कागदाच्या लगद्याचं हे तंत्र आपल्याच कर्नाटकात कारखान्याच्या प्रमाणावर चाललं. म्हैसूरची व्हॅन इंगन अँड व्हॅन इंगन ही पेढी १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि १९९९ साली बंद झाली. तिच्या हातून गेलेल्या वाघ-बिबट्यांचा आकडा ४३,००० च्या वर सांगतात. संस्थानिक आणि साहेब शिकार करत, कातडी म्हैसूरला येत आणि जबडा वासलेलं जनावर परत जाई. कारागिरी अव्वल होती, आणि हा आकडा वाचून अंगावर काटाही येतो. एक गोष्ट मात्र खटकल्याशिवाय राहत नाही. राजवाड्यातल्या वाघाचं कातडं टिकवणाऱ्याचं नाव अभिमानानं सांगितलं गेलं, आणि तीच कोलॅजेनची विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेली माणसं इथं गावकुसाबाहेर ठेवली गेली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आले. उशिरा का होईना, कागदावर नाव लागलं.

टॅक्सिडर्मिस्टची खरी परीक्षा तोंडाशी होते. वाघाच्या ओठाची आतली कड चाकूनं उकलून पातळ करतात आणि आतल्या देहात कोरलेल्या खाचेत चिमट्यानं दाबून बसवतात. एक-दोन मिलिमीटर जरी बाहेर राहिली तरी सुकताना ती मागे सरकते आणि वाघ विनाकारण दात विचकल्यासारखा दिसतो. कानातली कूर्चा काढून जागी पातळ पत्रा किंवा लगदा घालतात, कारण सुकली की ती चुरगळते. पापण्या सुकेपर्यंत बारीक टाचण्यांनी धरून ठेवाव्या लागतात. डोळे काचेचे असतात, आणि तिथे चूक लगेच पकडता येते: वाघाची बाहुली गोल असते, घरच्या मांजरीची उभी चीर, बकरीची आडवी. घाईत बसवलेल्या वाघाला मांजरीचे डोळे आले की सगळी मेहनत पाण्यात. नाकाचा ओलेपणा शेवटी वॉर्निशनं आणतात.

पक्ष्यांचं गणित वेगळं. कातडी कागदासारखी पातळ, त्यामुळे फारसं कमवावं लागत नाही. कवटी आणि पंख-पायांची हाडं तशीच ठेवून आत तार घालतात. खंड्याचा निळा वर्षानुवर्षं उजेडात राहूनही टिकतो, कारण तो रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यानं दिसतो. रोहित पक्ष्याचा गुलाबी मात्र अन्नातल्या कॅरोटिनॉइडचा, म्हणून काचेच्या पेटीत फिका पडत जातो. माशाचं तर विचारूच नका. सुकल्यावर रंग जवळजवळ उडतो, आणि भिंतीवरचा मासा बहुतांशी ब्रशनं रंगवलेला असतो.

वॉल्टर पॉटर (१८३५–१९१८) या इंग्रजानं मांजरीच्या पिल्लांना कपडे घालून त्यांचं लग्न लावलं होतं. मला ते बघवत नाही, पण लोक रांगा लावत. २००४ साली मिनिआपोलिसमध्ये तीन कलाकारांनी ‘बंडखोर’ टॅक्सिडर्मीची संघटना काढली. वेगवेगळ्या प्राण्यांचे भाग जोडून कल्पनेतले जीव करायचे, पण कलेसाठी प्राणी मारायचा नाही, अशी त्यांची अट.

दिखाऊपणाच्या दुसऱ्या टोकाला आहे संग्रहालयाच्या कपाटातलं कातडं: आत कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस, पायाला चिठ्ठी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं, ते अशाच नमुन्यांवरून. राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ ते हेच. कित्येक दशकं ते जगात फक्त या गुहांत आहे असा समज होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. नवं वटवाघूळ तेच की दुसरं, हे ठरवताना मूळ नमुन्याशी ताडून पाहावं लागतं.

जुन्या राजवाड्यांतल्या जनावरांना हात लावू नका, असं मी मुलांना सांगतो ते शिस्तीसाठी नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकर यांनी किडीवर उपाय म्हणून आर्सेनिकचा साबण काढला, आणि तो पुढे विसाव्या शतकातही वापरात होता. कसर मरायची, पण विष केसांत राहून जायचं. शिवाय खानापूरसारख्या पावसात कातडं दमट हवा पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि शिवणी उसवतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित प्राण्याचा मृतदेहही सरकारची मालमत्ता ठरतो. खानापूर-लोंढा रस्त्यावर गाडीखाली आलेलं उदमांजर दिसलं तर वनखात्याला कळवायचं, डिकीत घालायचं नाही. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ साली सुरू झालेल्या केंद्रात, पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी नैसर्गिकरीत्या मेलेले वाघ-सिंह घडवले, ते वनखात्याच्या परवानगीनं.

हौस असेल तर सुरुवात कोंबडीपासून करावी, तिला हा कायदा लागत नाही. नवशिक्याच्या कोंबडीची मान हमखास लांबते, कारण ओली कातडी ताणली जाते आणि आपण ती जागा भरत सुटतो. म्हणून सोलण्याआधी मानेची लांबी आणि पोटाचा घेर दोऱ्यानं मोजून ठेवायचा.