सायकलसाठी रस्ता चांगला असणं आणि चांगला वाटणं

सायकलचा विषय निघाला की "आमच्याकडे तसं वातावरणच नाहीये" म्हणून लोक मोकळे होतात, पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, रस्त्यावर खरंच काय आहे, म्हणजे सायकलसाठी आखलेली लेन किती किलोमीटर, गाड्या किती जोरात जातात, चढ किती. हे नकाशावर मोजता येतं. दुसरी, तिथल्या माणसाला तो रस्ता कसा वाटतो, आणि ते त्यालाच विचारावं लागतं.

मलाही आधी वाटायचं की मोजलेलं तेच खरं, लोकांच्या वाटण्याला काय अर्थ. पण अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या लोकांवरचा एक अभ्यास 2014 मध्ये छापून आला, त्यात सायकल चालवण्याशी थेट नातं निघालं ते वाटण्याचं, आणि ते हिशोबात धरल्यावर मोजलेल्या सोयींचा थेट परिणाम जवळपास उरलाच नाही. म्हणजे लेन फुकट असं नाही हं, लेनचा परिणाम होतो तो माणसाचं मत बदलून होतो.

नुसता पांढरा पट्टा मारलाय आणि कोपराला घासून ट्रक जातोय, तरी नकाशात ती लेनच! ज्याला भीती वाटते त्याच्यासाठी ती नसल्यातच जमा. आणि असे लोक थोडे नाहीत, पोर्टलंडच्याच महापालिकेत सायकलचं काम बघणाऱ्या रॉजर गेलर यांनी 2006 मध्ये अंदाज मांडला होता की बिनधास्त कुठेही सायकल घालणारे 1 टक्क्याहूनही कमी, आणि चालवायचीय पण भीती वाटते असे सुमारे 60 टक्के. स्पेनच्या सेव्हिलमध्ये 2006 नंतर थोड्याच वर्षांत गाड्यांपासून वेगळ्या आणि सलग जोडलेल्या लेन झाल्या आणि सायकली कित्येक पटींनी वाढल्या, तिथे मोजलेलं आणि वाटणारं दोन्ही एकदम बदललं असणार.

पण खरी गोची पुढे आहे. रस्ता बरा वाटला म्हणून माणूस सायकल चालवतो, की रोज चालवून आतल्या शांत गल्ल्या कळल्यात म्हणून त्याला रस्ता बरा वाटतो? शिवाय ज्याला सायकलची आवड आहे तो घरच तशा भागात बघतो. एकदाच केलेल्या सर्व्हेतून हे सुटत नाही, लेन व्हायच्या आधी आणि झाल्यावर त्याच माणसांना विचारायला लागतं, आणि तेवढी चिकाटी फार कमी ठिकाणी दिसते.