जांभळा की गुलाबी: जिवाणूंच्या ओळखीची पहिली पायरी

इंदुरात एम. वाय. रुग्णालय आणि दवा बाजार यांच्या आसपासच्या प्रयोगशाळांतून जे अहवाल मराठी घरांत येतात, त्यांत ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय’ किंवा ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असा उल्लेख अनेकदा आढळतो. त्यावरून रोग आहे की नाही, एवढाच अर्थ काढणे चुकीचे ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले जिवाणू कोणत्या रंगाचे व कोणत्या आकाराचे होते, एवढेच ते शब्द सांगतात (पॉझिटिव्ह म्हणजे जांभळे, निगेटिव्ह म्हणजे गुलाबी; कॉकाय म्हणजे गोलाकार, बॅसिलाय म्हणजे दंडगोल); परंतु आजारी माणसाला पहिले औषध कोणते द्यावे, हे ठरवण्यासाठी तेवढी माहितीही फार मोलाची असते.

जिवाणूंना रंग देऊन पाहण्याची ही पद्धत हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने 1884 मध्ये प्रसिद्ध केली. बर्लिनच्या रुग्णालयात न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप तपासताना, पेशींच्या गर्दीत जिवाणू उठून दिसावेत, हा त्यांचा मूळ हेतू होता. काही जिवाणू रंग धरून ठेवतात आणि विषमज्वरासारख्या रोगाचे जिवाणू तो सोडून देतात, हे त्या प्रयत्नांत ध्यानात आले, आणि पुढे हाच फरक वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रातील सर्वांत उपयोगी वर्गीकरण ठरला.

कृती साधी असली, तरी तिच्यात शिस्त लागते. नमुन्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि ज्योतीवरून अलगद फिरवून पक्का करतात. त्यावर प्रथम क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि नंतर आयोडीनचे द्रावण घालतात. धार जिल्ह्यातील बाग गावचे छपाई कारागीर कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात, तसेच काहीसे काम इथे आयोडीन करते: ते जांभळ्या रंगाशी जोडले जाऊन पेशीच्या आत मोठे कण तयार करते. मग येते अल्कोहोलने धुण्याची पायरी, आणि खरा निकाल इथेच लागतो. ज्यांची पेशीभित्तिका पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाच्या जाड थराची असते, त्यांच्यात अल्कोहोलमुळे तो थर आकसतो आणि जांभळा रंग आत अडकून राहतो. उलट ज्यांच्यात हा थर अगदी पातळ असतो आणि त्यावर मेदयुक्त बाह्य आवरण असते, त्यांचे ते आवरण अल्कोहोलने विरघळते आणि रंग धुऊन जातो. शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी रंग घातला की रंगहीन झालेले हे जिवाणू गुलाबी दिसतात. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले तर जांभळे जिवाणूही गुलाबी होऊ शकतात, म्हणून अनुभवी तंत्रज्ञाचा हात इथे यंत्राहून महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर तेलाच्या थेंबात बुडवलेल्या भिंगातून, हजारपट मोठे करून, आकार व मांडणी पाहतात. गळवाच्या पुवात जांभळ्या गोलाकार जिवाणूंचे पुंजके दिसले, तर स्टॅफिलोकॉकस असण्याची शक्यता मोठी असते. साखळ्या दिसल्या, तर विचार स्ट्रेप्टोकॉकसकडे वळतो. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात टोकदार जांभळ्या जोड्या असतील तर न्यूमोकॉकस, आणि पू-पेशींच्या आत, सपाट बाजू समोरासमोर असलेल्या गुलाबी जोड्या असतील तर मेनिंगोकॉकस, हा अंदाज काही मिनिटांत बांधता येतो. जिवाणू वाढवून पाहण्याच्या कल्चर तपासणीला एक-दोन दिवस लागतात, आणि या आजारात तेवढा वेळ हाताशी नसतो.

मात्र आकारावरून नेहमी नाव ठरत नाही. लघवीच्या नमुन्यात सापडणारा ई. कोलाय आणि विषमज्वराचा साल्मोनेला हे दोघेही गुलाबी दंडगोलच दिसतात. त्यांना वेगळे करण्यासाठी कल्चर व रासायनिक चाचण्या कराव्याच लागतात. पेशीभित्तिकाच नसलेला मायकोप्लाझ्मा तर या रंगांना दादच देत नाही.

क्षयरोगाच्या जिवाणूची गोष्ट निराळी आहे. त्याच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लाचा मेणासारखा थर असल्यामुळे ग्रॅमचे रंग त्याच्यावर नीट चढत नाहीत. झील-नील्सन या रंग देण्याच्या दुसऱ्या पद्धतीत कार्बोल फुक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंत तापवून तो आत शिरवतात, आणि एकदा शिरला की सल्फ्युरिक आम्लाने धुऊनही निघत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या लाल काड्या म्हणजे हेच जिवाणू. तरीही एक मिलिलिटर बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जिवाणू असल्याशिवाय ते डोळ्यांना सापडणे कठीण असते, त्यामुळे या तपासणीत काही आढळले नाही म्हणून क्षयरोग नाही, असे म्हणता येत नाही. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांची गरज इथेच पडते. कुष्ठरोगाचा जिवाणू तर प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर वाढतच नाही, म्हणून त्याच्या बाबतीत त्वचेच्या नमुन्याला रंग देऊन पाहण्याला आजही मोल आहे.

या सगळ्याचा पाया म्हणजे नमुना, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच हातात असतो. बेडक्याऐवजी लाळ दिली, तर काचपट्टीवर तोंडातील पेशी आणि तिथले नेहमीचे निरुपद्रवी जिवाणूच दिसतात. बेडका खोल खोकून, शक्यतो सकाळी, आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितले असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी द्यावा. औषध आधीच घेतले असेल, तर ते तपासणीच्या अर्जावर आवर्जून लिहावे. कारण औषधाने मरत असलेल्या जिवाणूंची भित्तिका सैल होते, आणि मुळात जांभळे दिसायला हवे असलेले जिवाणू तेव्हा गुलाबी दिसू शकतात.