उंबर फोडून केंबरं काढू या

उंबराचं फूल दिसलं की माणसाचं भाग्य उजळतं, अशी जुनी समजूत. मोबाइलवर अधूनमधून 'दुर्मीळ उंबराचं फूल' फिरत येतं आणि लोक हात जोडून ते पुढे ढकलतात. वास्तविक लहानपणी ज्यांनी उंबरं खाल्ली, त्यांच्या पोटात ही फुलं हजारोंनी गेली आहेत. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो, तो तोंड मिटलेला एक गाडगुला आहे आणि फुलं त्याच्या आतल्या भिंतीला दाटीवाटीनं लगडलेली असतात. वनस्पतिशास्त्रात या रचनेला 'कुंभासनी' म्हणतात. इतकी चपखल परिभाषा आपल्याकडे क्वचित सापडते.

एका झाडावरची एका बहराची उंबरं साधारण एकाच वयाची असतात. त्यामुळे सगळे टप्पे बघायचे तर एकच झाड धरून पाच-सहा आठवडे, दर आठवड्याला दोन-तीन उंबरं काढावी लागतात. देठापासून तोंडापर्यंत ब्लेडनं उभा छेद घ्यायचा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावायचं. कोवळ्या उंबराच्या तोंडाशी खवले एकमेकांवर घट्ट चढलेले दिसतात. एके दिवशी ते किंचित सैलावतात, गंध सुटतो आणि त्या वासावर केंबराची मादी येते. ही गांधीलमाशीच्या गोतातली, जेमतेम दोन मिलिमीटरची. खवल्यांच्या फटीतून घुसताना तिचे पंख तुटतात, मिशांची टोकंही मोडतात. उंबराच्या तोंडाशी काचेच्या कपचीसारखा एखादा पंख अडकलेला दिसला, तर पाहुणी आत गेली असं खुशाल समजावं.

ती परत येत नाही. छातीवरच्या दोन खिशांत भरून आणलेले पराग ती पुढच्या पायांनी काढून फुलांच्या कुक्षींवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकांवर टाकते आणि काही फुलांच्या कुक्षीवृंतातून, म्हणजे त्या टोकाखालच्या दांडीतून, अंडी घालायची नळी घालून अंडाशयात एकेक अंडं ठेवते. अंडं पडलेल्या फुलाची गाठ होते, उरलेल्यांत बी धरतं. काही आठवड्यांनी आधी नर निघतात: पिवळट, बिनपंखांचे. माद्या गाठीतून बाहेर येण्याआधीच ते त्यांना फलित करतात, मग मिळून उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. तोवर नरफुलं पिकलेली असतात. माद्या पराग खिशात भरतात आणि त्या बोगद्यातून बाहेर पडतात.

हे निर्गमन बघायचं असेल तर फुगून मऊ पडू लागलेली, पण अजून लाल न झालेली उंबरं संध्याकाळी बरणीत ठेवा आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. झाकण लावलंत तर आतल्या दमटपणानं काचेवर पाणी धरतं आणि केंबरं पंख चिकटून मरतात. लाल झालेली उंबरं घेतलीत तर केंबरं केव्हाच उडालेली असतात. मागे लांब शेपटीसारखी नळी असलेले कीटक निघाले, तर ती केंबरं नव्हेत; त्यांच्याकडे पुढे येऊ.

आता खरी मेख. बाहेर पडलेल्या मादीला उणापुरा एखादा दिवस मिळतो. त्यात तिला याच जातीचं, आजच तोंड सैलावलेलं उंबर गाठायचं असतं. आपल्या झाडावर ते मिळणार नाही, कारण तिथली सगळी तिच्याच बहराची. म्हणजे दुसरं झाड, आणि तेही मागेपुढे चालणारं. सगळे उंबर आंब्यासारखे एकाच मोसमात बहरले असते, तर एका पिढीत केंबरं संपली असती आणि त्यांच्यामागून उंबराचं बी. म्हणून झाडाझाडांत ताळमेळ नसणं हाच इथला ताळमेळ आहे. अंतराची मात्र फार काळजी नको. नामिबियात उगाब नदीकाठच्या उंबराच्या नातलग झाडांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा तिथली केंबरं वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतात असं २००९ मध्ये दिसलं.

या ताळमेळ नसण्याचा फायदा जंगलाला मिळतो. इतर झाडं फळायची थांबतात तेव्हाही कुठे ना कुठे उंबर, वड, पिंपळ, पिपरी पिकलेली असतेच. तांबट, हरियल, धनेश, शेकरू, उदमांजर, वटवाघळं ही सगळी पंगत त्या काळात तिथे बसते. जगात उंबर-वडांच्या या वंशाच्या सुमारे ७५० जाती आहेत आणि त्यांची फळं खाणारे पक्षी-सस्तन प्राणी १,२०० जातींहून अधिक. येणारा पाहुणा दुसरीकडे खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून झाडाखाली टाकून जातो. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये 'कळीची प्रजाती', म्हणजे जिच्यावर इतर अनेक जातींचं टिकणं अवलंबून असतं अशी जात, ही कल्पना मांडली. हल्ली हे बिरुद कुठल्याही देखण्या प्राण्याला चिकटवतात; उंबराला मात्र ते शोभतं.

राहिली ती लांब नळीवाली मंडळी. हे परजीवी आत शिरतच नाहीत. उंबरावर बसून बाहेरूनच नळी खुपसून अंडी घालतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उंबरावरच्या अशा एका कीटकाच्या नळीचं टोक जस्तानं कडक झालेलं आढळलं. यांना निव्वळ चोर म्हणणं मात्र घाईचं. उंबराच्या गोतातल्या ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवर २००८ मध्ये दिसलं ते असं: भिंतीलगतच्या अंडाशयांपर्यंत परजीवींची नळी पोचते, पोकळीकडच्यांपर्यंत पोचत नाही. मग केंबराची मादी सुरक्षित अशा आतल्या फुलांत अंडी घालते आणि भिंतीकडची फुलं बियांसाठी उरतात. चोराच्या धाकानं झाडाचा वाटा शाबूत राहतो! शिवाय पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या नळी खुपसून अडकलेल्या परजीवींना उचलतात. आत गेलेल्या केंबरांना अर्थातच त्यांची भीती नसते, ती बाहेर पडताना असते.

हा गाडा किती झाडांवर चालतो? याच गोतातल्या आफ्रिकेतल्या एका जातीसाठी १९९० मध्ये केलेल्या संगणकीय गणितात केंबरं चार वर्षं टिकायला साधारण ९५ झाडं लागतील असं निघालं. पाच-दहा झाडांत कधीतरी असा आठवडा येतो की एकाचंही तोंड सैलावलेलं नसतं. उष्णताही आयुष्य कापते. सिंगापूरच्या प्रयोगांत तापमान चढलं तसं काही जातींच्या केंबरांचं जगणं काही तासांवर आलं.

आणि हो, केंबरं फळात मरतात, तर उंबराचंच भावंड असलेलं अंजीर शाकाहारी आहे का, हा प्रश्न आता येणारच. पुरंदरच्या अंजिराला परागणाची गरज नसते, फळ बियांच्या फलनाशिवाय धरतं. त्यात केंबरू नाही. तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीला मात्र ते लागतंच. कॅलिफोर्नियात नेलेली ती झाडं वर्षानुवर्षं वाढली, पण फळं कच्चीच गळत. १८९९ मध्ये केंबरं आणून वसवली, तेव्हा कुठे ती झाडावर टिकू लागली.