अकरा हजार व्होल्ट शून्यापासून वर न्यायचे कसे?

रब्बीच्या दिवसांत विदर्भातल्या पेपरात एक बातमी हमखास असते: डीपी (गावातला वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, हरभऱ्याचं ओलीत थांबलं. दुरुस्त डीपी येते, कधी तीही लवकरच जाते, आणि कास्तकार विचारतात, “बल्ब लावून पाहिला होता ना?” बल्ब लागला म्हणजे डीपी चांगली, हा समज फार पक्का बसलेला आहे. बल्बवरून एवढंच कळतं की तार कुठे तुटलेली नाही. पूर्ण लोडचा करंट गुंडाळी सोसेल का, दोन वेढ्यांमधलं इन्सुलेशन टिकेल का, हे बल्ब सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तालुक्याच्या प्रत्येक आयटीआयमध्ये डीपी तपासण्याची सोय हवी.

त्यासाठी पहिली गरज म्हणजे हवा तेवढा दाब (व्होल्टेज) देणारा पुरवठा. अकरा केव्हीची लाइन गावाजवळून जातेच, मग तीच का जोडू नये? कारण लाइन एकदम पूर्ण अकरा हजार व्होल्ट देते. तपासणीत दाब शून्यापासून हळूहळू चढवायचा असतो, म्हणजे दोष छोटा असतानाच कळतो. शिवाय डीपीत शॉर्ट निघालाच, तर लाइन त्यात प्रचंड ऊर्जा ओतते. याउलट १०० केव्हीए (ही ट्रान्सफॉर्मरची क्षमता) आणि ५ टक्के इम्पिडन्सचा (म्हणजे शॉर्ट केल्यावर पूर्ण लोडचा करंट जायला नेहमीच्या दाबाचा जेवढा टक्का लागतो त्याचा) स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर शॉर्टमध्येही आपल्या पूर्ण लोडच्या २० पटच करंट देऊ शकतो.

मग त्याचा दाब कमी-जास्त करायचा कुठे? उच्चदाबाच्या बाजूला हात लावायचाच नाही. दाब कमी-जास्त करायला व्हेरिएक नावाचा, डायल फिरवून चालणारा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात कार्बनचा ब्रश गुंडाळीच्या उघड्या तांब्यावरून सरकतो. सरकताना तो क्षणभर दोन वेढे एकत्र जोडतो, पण एका वेढ्याचा दाब जेमतेम एखादा व्होल्ट असतो आणि कार्बनचा रोध तो करंट आवरतो. अकरा केव्हीच्या गुंडाळीत वेढे हजारांवर, थरांवर थर आणि तेलात बुडालेले. तिथे ब्रश फिरवायला जागाच नाही. म्हणून व्हेरिएक ४३३ व्होल्टच्या बाजूला लावायचा आणि त्याच्यापुढे दाब चढवणारा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा.

आता या रचनेतला मला सर्वांत आवडणारा भाग. समजा ३१५ केव्हीएची डीपी तपासायची आहे. तिची कमी दाबाची बाजू शॉर्ट करून उच्चदाबाच्या बाजूने पूर्ण लोडचा करंट, म्हणजे साडेसोळा अँपिअर, सोडायचा. इम्पिडन्स साडेचार टक्के धरला, तर त्यासाठी फक्त ४९५ व्होल्ट लागतात. आपला ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टचे ११,००० करणारा असेल, तर व्हेरिएकची डायल साडेचार टक्क्यांवर येईल. व्हेरिएकचे फेजमागे २५० वेढे धरले, तर त्यातले जेमतेम ११. एक वेढा सरकला की दाब नऊ टक्क्यांनी उडी मारणार. त्याहून वाईट म्हणजे ब्रशमधून ४२० अँपिअर जाणार, आणि १०० केव्हीएच्या संचाची मर्यादा आहे १३३. म्हणजे ब्रश जळणार.

उपाय गुंडाळीच्या जोडणीत आहे. उच्चदाबाच्या बाजूला प्रत्येक फेजची गुंडाळी ३,१७५ व्होल्टच्या दोन समान तुकड्यांत करायची आणि सगळी टोकं बाहेर काढायची. टॉर्चमधले सेल एकामागे एक (सिरीज) लावले की दाब वाढतो, शेजारी-शेजारी (पॅरलल) जोडले की करंट वाढतो, तसंच इथे. तुकडे सिरीजमध्ये घेऊन तिन्ही फेज स्टारमध्ये (तिघांचं एकेक टोक एकत्र) जोडले, तर ११,००० व्होल्ट. सिरीज आणि डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण), तर ६,३५०. पॅरलल आणि स्टार, तर ५,५००. पॅरलल आणि डेल्टा, तर ३,१७५. या चारही जोडण्यांत केव्हीए तेच राहतात, म्हणून करंटची मर्यादा ५.२५ अँपिअरवरून अनुक्रमे ९.१, १०.५ आणि १८.२ पर्यंत जाते. तांबं तेवढंच, लोखंड तेवढंच. आपली ३१५ ची डीपी पॅरलल-डेल्टावर घेतली, तर डायल ३९ व्या वेढ्याच्या आसपास येते आणि ब्रशमधून १२१ अँपिअर जातात. मर्यादेच्या आत!

जोडणी बदलण्याआधी पुरवठा बंद करून टोकं अर्थ केलेली असलीच पाहिजेत, आणि डायल शून्यावर आल्याशिवाय ब्रेकर लागणारच नाही असं इंटरलॉकही हवं. दाब मोजायचा तो उच्चदाबाच्या बाजूला पीटी (दाब मोजण्यासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावूनच. डायलच्या आकड्यावर विसंबू नये, कारण लोड आला की ट्रान्सफॉर्मरच्या आतच थोडा दाब पडतो. खंडेनवमीला पॅनेलची पूजा जरूर करावी, पण बुशिंगला (तार बाहेर काढणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरला) ओल्या फुलांचा हार किंवा लिंबू-मिरची बांधू नये. त्यांनी संरक्षण होत नाही, उलट ओलाव्यावरून करंटला वाट मिळते.

वेढ्यांमधल्या इन्सुलेशनची खरी परीक्षा मात्र या संचावर होत नाही. त्यासाठी डीपीला नेहमीच्या दुप्पट दाब द्यावा लागतो, आणि कोरमधलं (आतल्या लोखंडी गाभ्यातलं) चुंबकीय फ्लक्स दाब भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात वाढतं. ५० हर्ट्झवर दुप्पट दाब दिला तर कोर संपृक्त होतो आणि रिकामी डीपीसुद्धा भरमसाट करंट ओढते. म्हणून फ्रिक्वेन्सीही दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त ठेवतात. ती व्हेरिएकमधून मिळत नाही. त्यासाठी मोटर-जनरेटरचा जोड किंवा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो.