पिसदुऱ्याचा दगड आणि काचेवरची पाटी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत मातीतून लांबट, गोलसर, कधी पीळ पडलेले दगड वर येतात. ते साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुने, प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म आहेत.

संग्रहालयाच्या कपाटात असा दगड आला की पाटी साधारण अशी लागते: 'कोप्रोलाइट. लॅमेटा शैलसमूह. उत्तर क्रिटेशियस.' म्हणजे विष्ठेचा जीवाश्म, तो ज्या खडकथरांतला त्यांचं नाव आणि डायनोसॉरच्या शेवटच्या काळाचं नाव. सगळं बरोबर. पण सहलीला आलेली पोरं आणि शहरातलं काम आटोपून एसटीची वेळ होईतो आत डोकावलेला शेतकरी, दोघंही तिथून पुढे सरकतात. त्या पाटीत त्यांच्यासाठी काही ठेवलेलंच नसतं.

त्याऐवजी पाटीवर विचारलं, 'या जनावरानं काय खाल्लं होतं?' तर? शेणाचा पो बघून बैलाच्या पोटात हिरवा चारा गेला की कडबा-कुटार, हे ओळखायला विदर्भातल्या खेड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. शास्त्रज्ञांनीही तेच केलं, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. झाडं मुळांवाटे जमिनीतली सिलिका घेतात आणि पेशींत तिचे बारीक खडे साठवतात. वनस्पतीगणिक त्या खड्यांचा आकार बदलतो, आणि पान पचलं तरी खडे तसेच राहतात. पिसदुऱ्याच्या दगडांत असे खडे सापडले, त्यांत गवताचेही होते. हा शोध २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला, तेव्हा जाणकारही चमकले. डायनोसॉर संपल्यावरच गवत खऱ्या अर्थानं फोफावलं, असा तोवर समज होता. इथे तर त्यांच्या काळातच गवताचे निरनिराळे प्रकार निघाले, त्यांतले काही भाताच्या भाऊबंदांतले. ज्वारी, धान, बांबू ही सगळी गवताच्याच कुळातली, हे इथे सांगितलं की दगड थेट ऐकणाऱ्याच्या बांधावर येतो.

मोह आवरायची जागाही हीच. 'डायनोसॉर धान खायचे' असा फलक लावला तर गर्दी होईल, पण ते खोटं ठरेल. त्या विष्ठेत गवताचा वाटा थोडा होता. बाकी ताडाच्या जातीची, सूचिपर्णी आणि इतर झाडं होती. माझ्या मते हा 'थोडा' पाटीवर आलाच पाहिजे, त्यानं गोष्टीची रंगत कमी होत नाही.

गोष्ट डोक्यात टिकते, हे तपासून पाहिलेलं आहे. १९६९ साली बॉवर आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दहा-दहा असंबद्ध शब्दांच्या बारा याद्या दिल्या. ज्यांनी प्रत्येक यादीची गोष्ट रचली, त्यांना शेवटी सुमारे ९३ टक्के शब्द आठवले. नुसतं पाठ करणाऱ्यांना १३ टक्के. यात एक बारकावा आहे. गोष्ट त्यांनी ऐकली नव्हती, स्वतः जुळवली होती.

आपल्याकडे गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत अशीच होती. बाबा वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे, समोरचे लोक उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तराला धरून कीर्तन पुढे जायचं. अमेरिकेत १९१६ साली बेंजामिन गिलमन यांनी वस्तू नीट पाहायला प्रेक्षकाला किती वाकावं-उकिडवं बसावं लागतं याचे फोटो काढून 'संग्रहालयातला थकवा' मांडला होता. शरीराच्या त्या थकव्यावर कपाटाची उंची बदलणं हा उपाय आहे. मनाच्या थकव्यावर बाबांची रीत जास्त कामाची, असं मला वाटतं.

वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलं. तिथे चरखे आहेत, खादी आहे. कापूस चिमटीत धरून त्याची प्रत सांगणारी माणसं आजूबाजूच्या गावांत आजही आहेत. असा माणूस चरख्यापुढे उभा राहिला तर मार्गदर्शकानं थोडं गप्प बसावं आणि त्याला बोलू द्यावं. हाताला लागेल असा कापूस ठेवला तर डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही त्यात भाग घेता येतो. भामरागडकडच्या माडिया बोलणाऱ्या पोरांसाठी मात्र आधी भाषेचाच प्रश्न सुटायला हवा.

गोष्टीत कुणाला जागा मिळाली, हे नावांवरूनही दिसतं. पिसदुऱ्याच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते १९८६ या काळात एका लांबमानेच्या डायनोसॉरची हाडं निघाली. त्याचं नाव 'आयसीसॉरस कोलबर्टी'. पहिला शब्द ज्यांनी ती हाडं खणली त्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, दुसरा एका अमेरिकी शास्त्रज्ञावरून. डोंगरगाव नावात कुठेच नाही. नाव आता बदलत नाही, पण पाटीवर गाव लिहायला कुणाची हरकत नसावी.

शिवाय यात शास्त्राचाही फायदा आहे. वखरताना वर आलेला दगड आपल्या मूळ थरातून सुटलेला असतो, आणि थर कळला नाही तर त्याचं वय ठरवणं अवघड जातं. तो कोणत्या धुऱ्याजवळ होता, विहीर खोदताना निघाला की पावसानं उघडा पडला, खालची माती लाल होती की काळी, हे ज्याचं शेत आहे त्यालाच माहीत असतं. त्याची हकिगत त्याच्या बोलीत, त्याच्या नावासह वस्तूच्या नोंदवहीत उतरवून घेतली की पाटीवरच्या गोष्टीचा पहिला परिच्छेदही तिथेच तयार होतो.