जिद्दीचे मोजमाप (आइस हॉकी)

आइस हॉकीत खेळाडू किती झटून आणि किती ईर्षेने खेळतो, हे आकड्यांत पकडण्याचा प्रयत्न. उत्तर अमेरिकेतील प्रशिक्षक आणि नवे खेळाडू हेरणारे या गुणाला ‘कंपीट लेव्हल’ म्हणतात. निवडीच्या वेळी वेग आणि कौशल्याच्या जोडीने तो पाहिला जातो, पण त्याचे सर्वमान्य माप नाही.

नॅशनल हॉकी लीगमध्ये (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा) १९९७-९८ च्या हंगामापासून हिट (प्रतिस्पर्ध्याला अंगाने दिलेली धडक), अडवलेले फटके, हिसकावून घेतलेला पक (खेळातली रबरी चकती) यांची नोंद होते. यांतला हिटचा आकडा सर्वांत फसवा. हिट देण्यासाठी पक प्रतिस्पर्ध्याकडे असावा लागतो, त्यामुळे ज्या संघाकडे पक टिकत नाही त्याच्याच हिट वाढतात. शिवाय हिट कशाला म्हणायचे, याबाबत प्रत्येक रिंकवरच्या (बर्फाच्या मैदानावरच्या) नोंदनिसाचा हात सारखा नसतो.

५ जून २०१३ रोजी बॉस्टन ब्रुइन्सच्या ग्रेगरी कॅम्पबेलने पिट्सबर्गच्या एव्हगेनी माल्किनचा फटका पायावर झेलला आणि त्याचे फिब्युला हाड मोडले. शिक्षेमुळे संघात एक खेळाडू कमी होता, म्हणून तो बाहेर गेला नाही. जेमतेम उभे राहता येत असतानाही जवळजवळ मिनिटभर तो पासच्या वाटा अडवत राहिला. तक्त्यात या सगळ्याची नोंद एक अडवलेला फटका एवढीच.

निवडीपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांतूनही जिद्द कळत नाही. २०१४ मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही आणि त्याची बरीच चर्चा झाली. कॅल्गरी फ्लेम्सने त्याला तरीही चौथ्या क्रमांकावर घेतले. अंगावर जाऊन खेळणारा हाच बेनेट २०२५ मध्ये फ्लोरिडा पँथर्सकडून खेळताना प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२०२१ पासून पोशाखातील सेन्सर आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांमुळे प्रत्येकाचा वेग आणि अंतर कळते. पक गमावल्यावर खेळाडू आपल्या गोलाकडे किती वेगाने परततो, हे त्याच्याच चढाईतल्या वेगाशी ताडून पाहणे, ही त्यातली सर्वांत प्रामाणिक कसोटी. तीही अपुरी आहे: खेळ आधीच ओळखणारा खेळाडू फार न धावता वेळेवर पोहोचतो. म्हणून व्हिडिओ पाहून मैदानाभोवतीच्या फळीलगतच्या झटापटींत पक कोणी जिंकला, हेही मोजले जाते. तो आकडा वाचताना समोर कोण होता आणि खेळाडू शिफ्टच्या (बर्फावरच्या एका पाळीच्या) सुरुवातीला ताजा होता की चाळीसेक सेकंदांनी दमलेला, हे पाहावे लागते.