उडी, घर्षण आणि घड्याळ: फर्स्ट-पर्सन स्पीडरन खेळांची पार्श्वभूमी

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३च्या घरात गेला की गेमिंग लॅपटॉप दुपारी हमखास मार खातो. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, सेकंदाला १४० फ्रेमने (चित्रांनी) चाललेला खेळ साठाच्या खाली येतो आणि सकाळी हातखंडा असलेली उडी दुपारी जमेनाशी होते. इतर खेळांत हे खपून जातं. पात्राच्या डोळ्यांतून बघत घड्याळाशी झुंजायच्या खेळांत, म्हणजे फर्स्ट-पर्सन स्पीडरनमध्ये, खपत नाही, कारण हा प्रकार जन्मला तोच फ्रेमच्या आणि वेगाच्या हिशेबातल्या फटींतून.

सुरुवात १९९३च्या ‘डूम’पासून धरावी. लेव्हल संपली की पडद्यावर तुमची वेळ आणि शेजारी अपेक्षित वेळ दिसायची. पहिल्या लेव्हलसाठी ३० सेकंद. आकडा समोर ठेवला की तो मोडणारे निघतातच. त्यात ‘डूम’ची नोंद व्हिडिओची नसे, फक्त दाबलेल्या कळांची असे: सेकंदाला ३५ ठोके, दर ठोक्याला ४ बाइट. म्हणजे एका मिनिटाची दौड (रन) साडेआठ केबीच्या आत. डायलअपच्या जमान्यात एवढी फाइल सहज पाठवता येई, आणि १९९४पासून विक्रमांच्या याद्या सुरू झाल्या. फटही लगेच सापडली. सरळ धावण्याचा वेग ५०, बाजूला सरकण्याचा ४०, आणि खेळ दोन्ही वेग काटकोनातल्या दोन बाजूंसारखे बिनदिक्कत जोडायचा. दोन्ही कळा एकदम दाबल्या की तिरका वेग ६४. सरळ धावणारा तिथेच हरला.

१९९६चा ‘क्वेक’ या साऱ्याचा खरा पाया. त्यात घर्षण फक्त जमिनीवर लागतं. टेकताक्षणी पुन्हा उडी मारली तर घर्षणाला वावच मिळत नाही. हवेत असताना खेळ एवढंच तपासतो, की तुम्ही ज्या दिशेला ढकलताय त्या दिशेचा वेग ३०च्या आत आहे ना. एकूण वेग ३२० असो की ६००, त्याला पर्वा नाही. म्हणून उडीनंतर डब्ल्यू (पुढे जायची कळ) सोडायचा, डावीकडे वळायचं तर ए (डावीकडे सरकायची कळ) धरून माउसही डावीकडे सावकाश फिरवायचा. पुढच्या उडीला डी (उजवीकडची कळ) आणि माउस उजवीकडे. दर उडीला वेग थोडा वाढतो. नवखे इथे दोन चुका करतात: हवेतही डब्ल्यू धरून ठेवतात, नाहीतर माउस झटक्याने फिरवतात. पहिल्यात वेग वाढत नाही, दुसऱ्यात आहे तोही जातो. वेग वाढवत नेणाऱ्या या उड्यांना बनी हॉप म्हणतात. १९९७मध्ये वेगवेगळ्या खेळाडूंच्या सर्वोत्तम लेव्हल जोडून अख्खा ‘क्वेक’ सर्वांत अवघड पातळीवर १९ मिनिटं ४९ सेकंदांत संपवला गेला. २००० साली तोच १२ मिनिटं २३ सेकंदांवर आला.

आपल्याकडे ही विद्या पोचली ती बहुतेक ‘काउंटर-स्ट्राइक १.६’मधून. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना बनी हॉप हे नाव ठाऊक नव्हतं. उडी माउसच्या चाकावर लावायची, एवढं ठाऊक होतं. त्यामागे कारण होतं. ‘क्वेक’मध्ये टेकण्याआधी कळ दाबून धरली तर टेकताच उडी बसते. इथे हवेत दाबलेली कळ वाया जाते, टेकल्यावर ताजी कळ लागते. चाक फिरवलं की कळांचा मारा होतो आणि त्यातली एखादी नेमकी बसते. स्वस्त कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी कधीकधी गिळली जाते, तोही त्रास चाकामुळे टळतो.

२००८च्या ‘मिरर्स एज’ने हिशेबातल्या फटी बाजूला ठेवून पळणं हाच खेळ केला. पात्राचे हातपाय दिसू लागले, आणि गरगरू नये म्हणून पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका दिला. फर्स्ट-पर्सन उडीची मुख्य पंचाईत तरीही राहिलीच: पाय कुठे आहेत ते दिसत नाही, कडा अंदाजाने ओळखावी लागते. पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन ९० अंशांवरून १०० किंवा १०५वर नेला की कडा जास्त दिसते. त्यापुढे टोकं ताणली जातात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

आमच्या मते या प्रकाराचा सर्वांत मोठा शोध वेग नव्हे, रिसेट आहे. २०१० नंतरच्या छोट्या खेळांनी लेव्हल अर्ध्या-एक मिनिटाची केली आणि मेलं की त्याच क्षणी पुन्हा सुरुवात दिली. २०१४चा ‘लव्हली प्लॅनेट’ हा भारतीय डेव्हलपरचा खेळ याच घाटाचा. २०२०च्या ‘घोस्टरनर’मध्ये एका घावात खेळ खलास. २०२२च्या ‘निऑन व्हाइट’मध्ये बंदूक म्हणजे पत्त्यांच्या डावातला पत्ता: तो झाडायचा तरी, नाहीतर टाकून जादा उडी किंवा झेप घ्यायची. पत्ता कुठे टाकायचा यावर अख्खी वाट बदलते. रिसेट फुकट झाल्यामुळे ‘अजून एकदा’ला अंत उरत नाही. गोडी तिथेच आणि चीडही तिथेच, कारण विसाव्या सेकंदाला चुकलं की आधीचे एकोणीस निर्दोष सेकंदही पाण्यात. अशा वेळी अख्खी लेव्हल घोकण्यापेक्षा अडलेल्या उडीच्या आधीच्या दोन हालचाली तपासाव्यात. चूक बहुधा तिथे असते, उडीत नाही.

यातले बहुतेक खेळ एकट्याने खेळायचे, त्यामुळे मुंबईच्या सर्व्हरची आणि पिंगची (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची) रड नाही. रड आहे ती उष्णतेची. फ्रेमची मर्यादा ९०वर बांधावी. १४० आणि ६०मध्ये हेलकावण्यापेक्षा स्थिर ९० हाताला लवकर सवयीचे होतात. लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेवावा. आणि घर पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी असेल तर पंख्याची जाळी महिन्यातून एकदा उघडून बघावी: तिथे धुळीबरोबर सुताचं तूसही बसतं, आणि ते नुसत्या फुंकरीने निघत नाही, मऊ ब्रश लागतो.